आप्पांच्या छातीवरून पाहिलेले घाटघर

मित्रांनो, महाळुंगे पडवळच्या एका घरात भिंतीतले एक कपाट आहे. त्याच्या खालच्या फळीवर सायकलचा पंप, मलमाची संपलेली नळी आणि सुतळीचा गुंडा यांच्या शेजारी मी पडून असतो. काडेपेटीहून जरासाच मोठा, काळा, कोपरे झिजलेला असा मी एक ॲक्शन कॅमेरा आहे. माझ्या पोटातली बॅटरी फुगली आहे. त्यामुळे माझे झाकण लागत नाही आणि आत धूळ जाते. कोणी बटण दाबले तरी मी आता जागा होणार नाही. थकलो आहे मी. पण माझी हकिकत तुम्हांला सांगावीशी वाटते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला पाण्यात बुडवले, उंचावरून खाली टाकले, गदागदा हलवले. एवढे सगळे सोसल्यावरच मला खोक्यात बसायला मिळाले. ते खोके पुण्यात प्राचीने उघडले.

प्राची महाळुंग्याची मुलगी. पुण्यात नोकरी करायची आणि रविवारी मित्रमैत्रिणींबरोबर सायकलवर लांबलांब जायची. ती मला कधी हेल्मेटवर बसवायची, कधी हँडलला आवळायची, तर कधी सीटच्या खाली उलटा लटकवायची. उलटा लटकलो की मागून येणाऱ्यांचे घामेजलेले चेहरे मला दिसायचे. माळशेजच्या बाजूला मढच्या रस्त्यावर मी धुक्यात शिरलो. नाणेघाटाच्या तोंडाशी वाऱ्याने माझ्या कानांचे पडदे फाटायची वेळ आली. प्राची ते चित्रण कापून, जोडून, त्याला गाणे लावून सगळ्यांना दाखवायची. "काय भारी शॉट आहे गं! कुठला कॅमेरा?" असे लोक विचारायचे, आणि मी काचेच्या आत फुगून जायचो.

मग नवा कॅमेरा आला. तो माझ्याहून हलका होता आणि अंधारातही त्याला चांगले दिसायचे. प्राचीने मला पिशवीत टाकले. त्या पिशवीत मी कितीतरी काळ होतो. तिथे माझी बॅटरी पहिल्यांदा पूर्ण मेली. मित्रांनो, मरणाची सवय अशीच लागते.

त्याच सुमारास प्राचीच्या घरी वाईट घडले. तिची आई, रत्नाबाई, बटाट्याची पोती भरलेल्या ट्रॉलीवरून पाठीवर पडल्या. जीव वाचला, पण कमरेखाली काही कळेनासे झाले. दवाखान्यातून त्या घरी आल्या त्या चाकांच्या खुर्चीवर. प्राचीचे वडील सोपानआप्पा. दोन गाई, थोडी शेती आणि डेअरीला दूध घालायला एक जुनी सायकल, असा त्यांचा संसार होता. आता स्वयंपाक, धुणे, रत्नाबाईंना उचलणे, कूस बदलून देणे, हे सगळे त्यांच्या अंगावर आले. ते कधी चिडत नसत. फक्त हळूहळू बोलायचे कमी झाले.

प्राची सुट्टीवर आली तेव्हा तिने आपली गिअरची सायकल आणि मला, दोघांनाही वडिलांच्या हवाली केले.

"आप्पा, डेअरीची सायकल सोडा आता. ही चालवा. जरा घराबाहेर पडा," ती म्हणाली.

"आणि ही डबी कशाला?" आप्पांनी मला उलटसुलट करून पाहिले.

उत्तर रत्नाबाईंनी दिले. "ती डबी घाटघरला न्या. तुमी जा सायकलीवर, आन् माझ्या आईला बगून या. मला बी दिसंल मग."

घाटघर हे रत्नाबाईंचे माहेर. जुन्नरच्या पश्चिमेला, चावंड किल्ल्याच्याही पुढे, डोंगरातले गाव. तिथे त्यांची आई ठमाबाई आणि भाऊ भिमाजी राहत होते. तिथे फोनला रेंज नसायची. आणि खरी अडचण वेगळीच होती. रत्नाबाईंचे वडील चिमाजी नुकतेच गेले होते. त्या दुःखात आईला लेकीच्या पायांबद्दल सांगायचे नाही, असे बहीण-भावाने मिळून ठरवले होते. वडिलांच्या मासिक श्राद्धाला रत्नाबाई गेल्या नाहीत, तेव्हा भिमाजीने आईला सांगितले, "रत्नीला टायफॉइड झालाय." पुढे कांद्याची काढणी आली, प्राचीचे आजारपण आले, गाय व्यायला झाली. कारणे संपत नव्हती.

अशा रीतीने माझी दुसरी नोकरी सुरू झाली.

आप्पांनी मला आधी हँडलला बांधले. जुन्नरपर्यंत पोहोचेतो माझा जीव खिळखिळा झाला. आप्पांच्या ओळखीचे महंमद हनीफ यांचे जुन्नरात सायकलचे दुकान आहे. त्यांनी मला हातात धरून हलवले.

"सोपानभाऊ, हँडलला लावाल तर खड्ड्याखड्ड्याला हलणार की हा. मधे रबर घालून देतो," ते म्हणाले, आणि जुन्या ट्यूबचा तुकडा कापून माझ्या पट्टीखाली बसवला. त्याने थोडा आराम पडला, पण घरी टीव्हीवर चित्र लावले तेव्हा रत्नाबाई म्हणाल्या, "रस्ता नुसता थरथरतोय वं. जनू समदं घाटघर हिवतापानं कापतंय."

मग आप्पांनी मला हेल्मेटवर चढवले. त्यात आणखीच घोटाळा झाला. आप्पांनी मान वळवली की डोंगर वळायचा. रत्नाबाईंना चक्कर येऊ लागली. शेवटी प्राचीने छातीवर बांधायचा पट्टा पाठवला, आणि मी आप्पांच्या छातीच्या मधोमध जाऊन बसलो. तिथून दोन हात दिसायचे, मधे हँडल आणि पुढे रस्ता. रत्नाबाईंना ते फार आवडले.

"आता कसं, तुमचं हात दिसत्यात. मीच चालवल्यागत वाटतंय," त्या म्हणाल्या.

मला मात्र आणखी एक गोष्ट ऐकू यायची. आप्पांचे काळीज. आपटाळे गाव मागे टाकून चढ लागला की ते माझ्या पाठीवर धडधडायला लागायचे. वय झाले होते त्यांचे. पायांत ताकद होती, पण आदल्या रात्रीची झोप नसायची. चावंडच्या वळणावर ते सायकल उभी करायचे आणि दगडावर बसायचे. एकदा असेच बसले असताना ते रडले. मी चालूच होतो. माझ्यासमोर फक्त त्यांचे गुडघे आणि वाळलेले गवत होते, पण आवाज सगळा उमटला. घरी परतण्याआधी त्यांनी तेवढा भाग शोधून पुसून टाकला. रत्नाबाईंना त्या दिवशी चावंडचे वळण दिसलेच नाही.

"मधलं कुठं गेलं?" त्यांनी विचारले.

"बॅटरी संपली व्हती," आप्पा म्हणाले.

घाटघरला पोहोचलो की आप्पा मला ठमाबाईंच्या ओसरीवर उखळावर ठेवायचे. ठमाबाई बारीक अंगाच्या, गुडघ्यांनी अधू झालेल्या, पण आवाज खणखणीत. माझ्यापुढे त्या विहिरीत वाकून हाक मारावी तशा ओरडायच्या.

"रत्ने! जेवतीस का येळंवर? किती वाळली असशील गं तू! गाय व्याली का न्हाई?"

आप्पा रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत यायचे. तोवर त्यांची चुलत भावजय आरती रत्नाबाईंजवळ थांबायची. मग घरी टीव्ही लागायचा आणि रत्नाबाई सगळा रस्ता सावकाश बघायच्या.

"थांबवा, थांबवा. मागं घ्या जरा. ती शेळी सावळेरामतात्याची हाय. अजून तशीच मोकळी सोडतो म्हातारा! आन् ह्या खाचराचा बांध कुनी फोडला?"

आईचे बोलणे ऐकून झाले की उत्तर द्यायची वेळ यायची. आप्पा मला तांदळाच्या डब्यावर ठेवायचे आणि चित्राची चौकट अरुंद करायचे. खुर्चीच्या पाठीवर गोधडी टाकायची, मागचे दार लावून घ्यायचे. मग माझ्या डोळ्यात छातीपर्यंतच्या रत्नाबाई मावायच्या. केस विंचरलेले, कपाळाला कुंकू, हसरा चेहरा.

"आये, गाईला कालवड झाली. मी लई मजेत हाय. कामातनं उसंतच नाय बग. पुढच्या म्हयन्यात येते."

त्यांच्या एका प्रश्नाचे उत्तर पोहोचायला कधी पंधरवडा लागायचा, कधी महिना. आप्पांच्या पायांत बळ असेल तेव्हा. माय-लेकी माझ्यातून बोलत होत्या, आणि मी दर वेळी अर्धीच लेक घेऊन डोंगर चढत होतो. ते ओझे फार जड होते, मित्रांनो. माझे वजन मूठभर, पण परत येताना पट्टा आप्पांच्या खांद्यांत रुतलेला असायचा.

एकदा चित्रण झाल्यावर रत्नाबाईंनी हसू पुसून टाकले आणि म्हणाल्या, "अवं, किती दिस अर्धीच दिसायची मी?"

आप्पांनी माझे बटण दाबून मला बंद केले.

असे दोन पावसाळे गेले. माझ्या काचेवर चरे पडले. उसाच्या ट्रकांमागची धूळ माझ्या बटणांत बसली. चार्जिंगच्या भोकावरचे रबरी बूच कुठेतरी गळून पडले. पूर्वी मी सबंध सकाळ चालायचो, आता जुन्नरच्या पुढे आप्पांना बॅटरी बदलावी लागे. कोणी आता मला "भारी" म्हणत नव्हते. माझी त्याबद्दल तक्रारही नव्हती. फक्त थकवा होता, आप्पांना, रत्नाबाईंना आणि मला, तिघांनाही.

त्या वर्षी दिवाळीला प्राची घरी आली. जुनी हौस म्हणून तिने मला एक दिवस सायकलला लावून फिरवले आणि माझी नजर पहिल्यासारखी रुंद करून ठेवली. रुंद नजर म्हणजे काय, तर माझ्या पुढचेच नव्हे, डाव्या-उजव्या अंगाचे आणि पायाखालचेही सगळे चित्रात येते. डोंगर टिपायला तीच चांगली. प्राची परत गेली, आणि नजर पुन्हा अरुंद करायची राहून गेली. आप्पांनी नेहमीप्रमाणे मला डब्यावर ठेवले. माझ्या पाठीवरचा पडदा अंगठ्याच्या नखाएवढा. त्यांना चष्म्याविना त्यात काही दिसले नाही. रत्नाबाई हसून बोलल्या आणि आम्ही निघालो.

घाटघरला त्या वेळी एक गोष्ट बदललेली होती. ठमाबाईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. इतके दिवस त्या लेकीला आवाजावरूनच ओळखत होत्या. चेहरा म्हणजे त्यांना नुसता उजेडाचा ठिपका होता.

भातकापणी संपत आली होती. ओसरीवर ऊन होते. आप्पांनी नेहमीप्रमाणे आपला मोबाइल मला जोडला आणि मोठ्या पडद्यावर चित्रण लावून सासूबाईंच्या हातात दिले. ठमाबाईंनी मोबाइल हातभर लांब धरला. रत्नाबाईंचा आवाज आला, "आये, मी लई मजेत हाय." ठमाबाई हसल्या नाहीत. चित्रण संपले. त्या म्हणाल्या, "परत लावा."

परत लावले. या वेळी त्यांनी आवाजाकडे लक्षच दिले नाही. त्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत होत्या.

"सोपानराव, ह्ये चाक कशाचं?"

"कंचं चाक, मामी?"

"माझ्या लेकीच्या बुडाखाली हाय त्ये."

आप्पांनी वाकून पाहिले. पडद्यावर खुर्चीचे चाक होते. पायफळी होती. तिच्यावर रत्नाबाईंचे पाय फडक्याने बांधलेले होते, घसरू नयेत म्हणून. भिमाजी खळ्यावरून आत आला आणि सासू-जावयाच्या तोंडाकडे बघून तिथेच थांबला.

"आये, तसं काय नाय..." तो म्हणाला.

"तू गप बस." ठमाबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सोपानराव, तुमी सांगा. माझ्या गळ्याची आन हाय."

आप्पांनी सांगितले. ट्रॉलीपासून सगळे सांगितले. मी त्यांच्या छातीवर होतो आणि त्यांचे काळीज चढावर धडधडायचे तसे धडधडत होते, सायकल तर भिंतीला टेकलेली होती. शेवटी ठमाबाई एवढेच म्हणाल्या, "दोन वरसं झाली म्हंजी."

"तुमाला दुख नको म्हनून..." आप्पा म्हणाले.

"दुख मला नको म्हनून तिनं एकटीनं खाल्लं व्हय?" त्यांनी पदराने मोबाइलचा पडदा पुसला. मग भिमाजीला म्हणाल्या, "जीप हाय का आता जुन्नरची?"

"आये, तुझं गुडघं असं. तुला पायरी चढवत न्हाई. सकाळच्याला बगू."

"गुडघं माझं दुखत्यात, तुझं न्हाई. ऊठ."

भिमाजीने जीपवाल्याला हाक मारली. आप्पांची सायकल वर टपावर बांधली. ठमाबाईंना दोघांनी उचलून आत बसवले. त्यांच्या मांडीवर एक गाठोडे होते, त्यात तांदूळ आणि हिरडे. त्या गावाबाहेर पडून किती काळ झाला होता कोण जाणे. डोळ्यांचे ऑपरेशन सोडले तर त्या डोंगर उतरल्याच नव्हत्या. आप्पा त्यांच्यासमोर बसले. निघताना सवयीने त्यांनी माझे बटण दाबले होते. मी चालूच होतो. आप्पांना माझी आठवणच नव्हती. सगळ्या वाटेने माझ्यापुढे ठमाबाईंचा चेहरा होता. मी त्या रस्त्याने इतक्यांदा गेलो, पण त्या दिवशी मला ना चावंड दिसला, ना वाटेतल्या धरणाचे पाणी. नुसता एक म्हातारा चेहरा, खिडकीबाहेर न बघणारा. त्या रडल्या नाहीत. मधूनच ओठ हलायचे. बहुधा लेकीला काय बोलायचे ते जुळवत असाव्यात.

महाळुंग्याला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. आरती अंगणात कपडे वाळत घालत होती. ठमाबाई तिच्या खांद्याला धरून उंबऱ्यापाशी आल्या. रत्नाबाई खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली. आधी त्यांना खरे वाटले नाही. मग त्यांनी घाईने मांडीवरची शाल पायांवर ओढली, शेंगा खाली सांडल्या.

ठमाबाई भिंतीला धरून पुढे गेल्या. जमिनीवर बसायला त्यांना फार वेळ लागला. आप्पा हात द्यायला पुढे झाले, तो त्यांनी झटकला. बसल्यावर त्यांनी ती शाल बाजूला केली. फडक्याची गाठ सोडली. लेकीचे पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि अंगठ्यापासून दाबायला सुरुवात केली.

"टायफॉइड झाला व्हता न्हवं तुला?" त्या म्हणाल्या.

"आये, मला कळत न्हाई गं तिथलं. दाबू नको," रत्नाबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला.

"तुला कळत नसंल. मला कळतंय."

त्याच वेळी आप्पांची नजर माझ्या लाल दिव्यावर गेली. त्यांनी मला बंद केले. त्यापुढे त्या दोघी काय बोलल्या, किती रडल्या, ते माझ्याजवळ नाही.

ठमाबाई तिथेच राहिल्या. मला कोणी जाणूनबुजून टाकले नाही. नुसती गरज उरली नाही. निरोप पोहोचवायचा कोणाला? माय-लेकी एका घरात होत्या. पट्टा खुंटीला अडकवलेला राहिला आणि मी कपाटात गेलो. बॅटरी आत तशीच राहिली, म्हणून हळूहळू फुगत गेली. कपाटाच्या फटीतून मला दोघींचे आवाज येतात. आमटीत मीठ जास्त पडले म्हणून भांडण होते. केस कोणी विंचरायचे यावरून रुसवा होतो. आप्पा पूर्वीसारखे बोलू लागले आहेत. कधीकधी दुपारी त्यांच्या घोरण्याचाही आवाज येतो. त्यांना अशी झोप लागलेली मी पूर्वी कधी ऐकली नव्हती.

या वर्षी भात लावायचे दिवस आले, तशी ठमाबाईंना घाटघरची ओढ लागली. "मी जाते आवणीला. आन् हिला बी नेते," त्यांनी जाहीर केले. भिमाजीने ओसरीच्या पायऱ्यांवर फळ्या ठोकून खुर्चीसाठी उतार केला असल्याचा निरोप आला. निघायच्या दिवशी घरात धावपळ होती. आप्पांनी कपाट उघडले आणि पंप शोधता शोधता त्यांचा हात माझ्यावर पडला.

"रत्ना, ही डबी घिऊ का? दुरुस्त व्हती का बगतो जुन्नरात. तुला समदा रस्ता..."

"आता कशाला वं?" रत्नाबाई दारातून म्हणाल्या. "मीच चाललीये की."

आप्पा हसले. त्यांनी मला परत फळीवर ठेवले आणि कपाट लावून घेतले. मग जीपचा आवाज आला, आणि तो लांब गेला.

मित्रांनो, माझ्या कार्डात त्या दोघींच्या ताटातुटीचे तासन् तास भरलेले आहेत. भेटीनंतरचे काहीच नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. थकलेल्याला एवढे पुरते. तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा पडून असेल, तर त्याची बॅटरी काढून ठेवा, काच मऊ फडक्याने पुसा, ओल लागू देऊ नका. तो बिचारा तक्रार करत नाही, म्हणून त्याला विसरू नका. आणि एखाद्या दूरच्या माणसासाठी तुम्ही काही टिपून नेत असाल, तर त्याला आधी एकदा विचारा, की त्याला ते नुसते बघायचे आहे, की तिथे यायचे आहे. यायचे असेल, तर जीप थांबवा.